जितके मूल लहान, तितके मानधन लहान

श्रमाच्या मोबदल्याविषयीच्या शास्त्रात महाराष्ट्राने घातलेली एक मौलिक भर अद्याप विद्यापीठांच्या पाठ्यपुस्तकांत पोचलेली नाही, ही खेदाची बाब होय. सिद्धांत थोडक्यात असा की, मूल सांभाळणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या व्यक्तीला मिळणारी रक्कम त्या मुलाच्या वयाबरोबर वाढते आणि वयाबरोबरच उतरते. पुरावा शासन निर्णयांत, म्हणजे मंत्रालयातून निघणाऱ्या आणि बोलीत ‘जीआर’ म्हटल्या जाणाऱ्या लेखी आदेशांत, जागोजागी विखुरलेला आहे. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षण सेवकाला, म्हणजे पहिली तीन वर्षे ठरावीक रकमेवर राबणाऱ्या नवशिक्षकाला, दरमहा २०,००० रुपये मिळतात. माध्यमिक शाळेत १८,००० आणि प्राथमिक शाळेत १६,०००. त्याखाली तीन ते सहा वर्षांच्या मुलांची अंगणवाडी लागते, जिथे २०२४ च्या वाढीनंतर सेविकेचे मानधन १३,००० आणि मदतनिसाचे ७,५०० झाले. त्याहून खाली, सहा महिन्यांच्या तान्ह्यापासून मुले घेणाऱ्या ‘पाळणा’ योजनेत पाळणा सेविकेला ५,५०० आणि पाळणा मदतनिसाला ३,००० रुपये ठरलेले आहेत. हा आलेख कागदावर काढला, तर जी सुबक उतरण दिसते तितकी सुसंगती शासनाच्या दुसऱ्या कोणत्याही धोरणात सहसा सापडत नाही. याच उतरणीवर आणखी एक पायरी खाली उतरले की जन्माला न आलेले मूल येते, आणि त्याला नऊ महिने सांभाळणारी व्यक्ती सिद्धांतानुसार बरोबर शून्य रुपयांवर काम करते, यावरून या मांडणीची काटेकोर शास्त्रीयता ध्यानी यावी.

सिद्धांताच्या पडताळणीसाठी हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे गाव विशेष सोयीचे आहे. इचलकरंजीला इतके खेटून वसलेले की कुठे शहर संपले आणि कुठे गाव सुरू झाले हे नवख्याला उमगू नये, अशा या गावात यंत्रमागांचा खडखडाट दिवसपाळी-रातपाळी चालू असतो, आणि कामाचे मोजमाप म्हणजे काय हे येथील पोरासोरांनाही ठाऊक असते. मागवाल्याची मजुरी मीटरवर ठरते आणि मीटरचा दर ‘पिका’वर, म्हणजे कापडाच्या एका इंचात किती आडवे धागे बसले त्यावर. २०१३ सालच्या मोठ्या संपानंतर ही मजुरी महागाईशी जोडण्याचे ठरले, आणि ती जोडणी पाळली जाते की नाही यावर मालक व कामगार यांच्यात वरचेवर तंटे होतात. तरीही तंटा घालण्यासाठी काहीतरी मोजलेले हातात असते, हे त्या व्यवस्थेचे श्रेय नाकारता येत नाही. याच गावात बारावी होऊन बालशिक्षणाचा एखादा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुलीने ‘मला किती मिळतील?’ असा प्रश्न केला, तर तिला उत्तरादाखल आकडा मिळत नाही, उपदेश मिळतो. एका इंचात धागे किती हे भिंगाखाली मोजणाऱ्या या परिसरात एका खोलीत मुले किती आणि त्यांच्यामागे हात किती, हे मोजून दर ठरवण्याची कल्पना अजून कोणाला सुचलेली नाही.

सिद्धांताच्या समर्थनार्थ मांडल्या जाणाऱ्या उपपत्तींपैकी सर्वांत लोकप्रिय उपपत्ती उपजत ज्ञानाची आहे. मूल सांभाळणे बाईला जन्मतःच येते, ते शिकावे लागत नाही, आणि जे शिकावे लागत नाही त्याचे पैसे कसले, असा तिचा युक्तिवाद असतो. मात्र हे उपजत ज्ञान भरतीच्या जाहिरातीत अचानक अंतर्धान पावते. फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयापासून सेविकाच नव्हे, तर मदतनीस होण्यासाठीही किमान बारावी उत्तीर्ण असावे लागते, वय १८ ते ३५ असावे लागते, उमेदवार स्थानिक रहिवासी असावी लागते, आणि गुणवत्ता यादीत वर सरकायचे तर पदवी, पदव्युत्तर पदवी, डी.एड. अशी प्रमाणपत्रे फाईलला जोडावी लागतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तर बारावी झालेल्या सेविकेसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीसाठी वर्षभराची पदविका सुचवली आहे. तात्पर्य, निवडीच्या दिवशी हे काम कौशल्याचे असते आणि महिनाअखेरीस ते स्वभावाचे होते. एकाच कामाचे गुणधर्म कॅलेंडरातील तारखेनुसार बदलतात, ही गोष्ट पदार्थविज्ञानालाही हेवा वाटावा अशी आहे.

त्याच धोरणात असेही नमूद आहे की, मुलाच्या मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षाआधी होतो. अर्थशास्त्राचे २००० सालचे नोबेल मिळवणारे जेम्स हेकमन यांनीही बालवयातील गुंतवणुकीचा परतावा सर्वांत मोठा असतो आणि मूल जसे वाढेल तसा तो घटत जातो, हे पुन्हा पुन्हा मांडले आहे. हेकमन यांचा वक्र आणि महाराष्ट्राच्या मानधनाचा वक्र शेजारी ठेवले, तर दुसरा पहिल्याला आरशात दाखवल्यासारखा दिसतो. मेंदूच्या ८५ टक्क्यांची जबाबदारी मानधनावर आणि उरलेल्या १५ टक्क्यांची वेतन आयोगावर, अशी ही विभागणी असून, प्राथमिक शाळेतील शिक्षण सेवक तीन वर्षांनी २९,२०० रुपयांपासून सुरू होणाऱ्या वेतनश्रेणीत जातो, तर अंगणवाडी सेविका पासष्टाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत मानधनातच राहते. नवशिकेपणाचा काळ एकाला तीन वर्षांचा आणि दुसरीला हयातीचा.

या हयातभराच्या उमेदवारीत प्रत्यक्ष काय केले जाते, हे एकदा जवळून पाहण्यासारखे असते. महिन्याच्या वजनाच्या दिवशी तुळईला टांगलेल्या काट्याच्या झोळीत एक मूल हातपाय झाडून टाहो फोडत असते, काट्याची सुई नऊ आणि दहा किलोंच्या दरम्यान नाचत असते, आणि ती क्षणभर थांबेल त्याच क्षणी आकडा वाचून मोबाईलमधील ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवर तो भरायचा असतो. त्याच वेळी दुसरे मूल चटईवर शू करते, तिसऱ्याची आजी ‘बाई, टीएचआर आलं का?’ म्हणून दारात उभी असते. टीएचआर म्हणजे घरी न्यायचा पोषण आहार. तो देण्याआधी २०२५ पासून लाभार्थीचा चेहरा कॅमेऱ्यापुढे धरून ओळख पटवावी लागते, आणि बाळंतपणाने उतरलेला चेहरा नोंदणीच्या वेळच्या चेहऱ्याशी जुळत नाही असे यंत्राने ठरवले, की ओळख पटवण्याचे काम पुन्हा सेविकेच्या गळ्यात येते, यंत्राच्या नव्हे. शासनाने आधी दिलेले मोबाईल इतके तापत आणि अडत की २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते मोर्चे काढून परत केले. सरकारने दिलेली वस्तू परत करण्यासाठी मोर्चा काढावा लागण्याची ही घटना प्रशासनशास्त्राच्या अभ्यासकांनी दुर्लक्षू नये. लसीकरण, आरोग्य तपासणी, गरोदर मातांच्या भेटी आणि सर्वेक्षणे ही कामे वेगळीच. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्याचे काम आले तेव्हा अर्जामागे ५० रुपये जाहीर झाले, आणि दरमहा १,५०० रुपयांचा मान कोणत्या बहिणीला मिळावा याची छाननी ज्या बहिणींनी केली, त्यांना आपले पन्नास-पन्नास मोजत बसावे लागले.

अंगणवाडी हे नाव ज्यांच्या कामातून रूढ झाले त्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, आणि अनुताई वाघ यांच्यासह पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. दोघींनाही राष्ट्राने पद्म पुरस्कार दिले, ताराबाईंना १९६२ मध्ये आणि अनुताईंना १९८५ मध्ये, यावरून या क्षेत्रात गौरवाची टंचाई कधीच नव्हती हे स्पष्ट व्हावे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा मॅट्रिक झालेल्या सेविकेला दरमहा १५० रुपये आणि न झालेलीला १०० रुपये मिळत. पुढील वाढींच्या तारखा पाहणाऱ्याला एक ऋतुचक्र दिसते. केंद्राने सेविकेसाठीचा आपला आकडा ४,५०० वर नेला तो २०१८ च्या सरत्या काळात, लोकसभा निवडणूक जवळ असताना, आणि तेथेच तो आजवर विसावला आहे. राज्याने २०२४ ची वाढ दिली ती विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. मधल्या काळात डिसेंबर २०२३ पासून सुमारे पन्नास दिवसांचा संप झाला, पण तो बिगरहंगामी असल्याने त्याचे पीक त्याच ऋतूत हाती लागले नाही.

न्यायालयांनीही या विषयाला हात घातला आहे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमीरबी प्रकरणात सेविका शासकीय पदावर नसतात असे ठरवले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने मणिबेन भारिया प्रकरणात त्यांना उपदान, म्हणजे दीर्घ सेवेच्या शेवटी मिळणारी ग्रॅच्युइटी, देय असल्याचे सांगितले आणि हे अर्धवेळ काम आहे हा सरकारी युक्तिवाद स्वीकारला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने सेविकेला किमान २४,८०० आणि मदतनिसाला २०,३०० रुपये द्यावेत असा निर्णय दिला, तेव्हा महाराष्ट्राच्या सिद्धांताला प्रथमच परराज्यातून आव्हान मिळाले.

खाजगी क्षेत्राने मात्र सिद्धांत अधिक शुद्ध स्वरूपात जपला आहे. इचलकरंजी–कबनूर पट्ट्यात भिंतीवर परदेशी कार्टूनांची चित्रे आणि नावात एखादा इंग्रजी शब्द असलेल्या नर्सऱ्या वाढल्या आहेत. तेथे नोकरी मागायला गेलेल्या मुलीला ‘पगाराची अपेक्षा काय?’ असे विचारले जाते, आणि तिने आकडा उच्चारला की ‘अजून अनुभव नाही ना, पहिलं वर्ष शिकायचं असतं’ असे सांगून तो निम्म्यावर आणला जातो. दुसऱ्या वर्षी तो अनुभव जमा झालेला असतो, पण तोवर ‘पहिले वर्ष’ असलेली दुसरी मुलगी दारात येऊन उभी राहते.

शिकण्याचा मोबदला मिळणे तत्त्वतः अशक्य आहे असेही नाही. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्ण प्रशिक्षणार्थीला दरमहा ६,००० रुपये विद्यावेतन मिळते. तो कार्यालयात बसून कार्यालय कसे चालते ते पाहतो. कमाल पंचवीस मुलांच्या पाळणाघरात दिवसाचे साडेसात तास आणि महिन्याचे सव्वीस दिवस राबणाऱ्या बारावी उत्तीर्ण पाळणा सेविकेला ५,५०० मिळतात. म्हणजे शिकणाऱ्याला सहा हजार आणि शिकलेलीला साडेपाच. पाळणा मदतनिसाचे ३,००० रुपये याच हिशेबाने भागले, तर तासाला १५ रुपये ३८ पैसे पडतात.

राज्यात अशी ३४५ पाळणा केंद्रे मंजूर झाली असून, काम करणाऱ्या आईला निर्धास्तपणे कामावर जाता यावे हा त्यांचा उद्देश आहे. कबनुरातील आई कांड्या भरायला किंवा मेंडिंगला, म्हणजे कापडातील दोष शोधून दुरुस्त करायला जाते, आणि तेथे महिन्याकाठी तीन हजारांहून अधिक सुटतात हे कळायला हेकमन लागत नाहीत. तेव्हा तिचे मूल सांभाळायला नेमलेली मदतनीस पहिल्याच महिन्याच्या अखेरीस हिशेब करून, आपले मूल त्याच पाळण्यात ठेवून कांड्या भरायला गेली, तर योजनेचा उद्देश शब्दशः सफल होतो. लाभार्थी माता एकीने वाढते, पटावर एक मूल वाढते, आणि मदतनिसाचे पद रिक्त झाल्याने स्थानिक रहिवासी महिलांकडून अर्ज मागवण्याची नोटीस पुन्हा फलकावर लागते, दरमहा ३,००० रुपयांची.