शिवराकाची उमेदवारी

माझी पुतणी यंदाचा पावसाळा आंबोलीच्या घरी बसून एका शाकाहारी जीवनशैलीच्या मासिकाची इंटर्नशिप करते आहे. मासिकाचं ऑफिस पुण्यात, संपादकबाई फोनच्या पडद्यात. आणि घर म्हणाल तर असं, की सकाळी दूधवाल्याआधी घाट चढून येणाऱ्या मासेवाल्याची चाहूल लागते आणि बांगड्याचा भाव पेपरातल्या मथळ्याआधी विचारला जातो. त्या घराच्या माजघरात बसून ही मुलगी दुधीभोपळ्याच्या सात्त्विकतेवर तीनशे शब्द लिहिते, तेव्हा भिंतीवरच्या तसबिरीतले आमचे पणजोबा मिशीत हसत असावेत असं मला वाटतं.

त्यात जुलै महिना. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक आपल्याच कौलांवर पडतो आहे अशी इथल्या प्रत्येक घराची खात्री असते. धुकं दारात थांबत नाही. ओटीवरून माजघरात, तिथून स्वयंपाकघरात आणि देवघरापाशी क्षणभर रेंगाळून मागच्या पडवीतून निघून जातं, दूरच्या एखाद्या मुक्या नातलगासारखं. मासिकाची सूचना मात्र अशी, की पदार्थांचे फोटो नैसर्गिक प्रकाशात घ्यावेत. नैसर्गिक प्रकाश इथे ऑक्टोबरात येतो. तरी तिने काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या खिडकीशी मांडून फोटो पाठवला. संपादकबाई खूश झाल्या. वाफ काय सुरेख टिपलीस, म्हणाल्या. सांबार निवून तास झाला होता. वाफ महादेवगडाकडून आली होती. आम्ही घरातल्या कुणीच खुलासा केला नाही. कौतुकाला उगीच हवामानखातं कशाला जोडा?

मग रानभाज्यांचं सदर आलं. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी इथवर सारं सुरळीत पार पडलं. गाडी अडली ती रोवणाच्या अळंबीपाशी. छापील तक्त्यात एक रकाना होता, 'तयारीस लागणारा वेळ'. आता ही अळंबी वारुळाच्या आसऱ्याने उगवते, तिच्या मनाला येईल तेव्हा उगवते, आणि ज्याला जागा ठाऊक असते तो ती सख्ख्या भावालाही सांगत नाही. आमच्या गावात जमिनीचे सातबारे तलाठ्याकडे असतात, अळंबीचे माणसांच्या पोटात. पुतणीने रकान्यात लिहिलं, 'विजा कडकडून जाईपर्यंत, अधिक वीस मिनिटं'. पुण्याहून 'वीस मिनिटं' एवढंच छापून आलं. तेवढ्या संपादनाने एक अख्खा पावसाळा कापला गेला.

तिची मीटिंग चालू असली की मी मुद्दाम ओटीवर बसतो. रेंज जाते, येते, चौकोनांतली माणसं गोठतात, पुन्हा हलतात, आणि हिला बोलायचं असतं ते राहूनच जातं. अशा एका संध्याकाळी मी तिला या धंद्यातल्या सर्वांत नावाजलेल्या उमेदवाराची गोष्ट सांगितली. १८९१ साली लंडनमध्ये 'द व्हेजिटेरियन' नावाच्या साप्ताहिकात कायदा शिकणारा एकवीस वर्षांचा एक मुलगा लिहू लागला. संपादक जोसाया ओल्डफील्ड त्याचे मित्र, पुढे काही काळ एकाच घरात राहिलेले. मुलगा शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवरही होता, पण बैठकीत त्याच्या तोंडून शब्द फुटेना. लिहून आणलेलं म्हणणं एकदा दुसऱ्याला वाचून दाखवावं लागलं. त्याच्या बाबतीत रेंजचं निमित्तही नव्हतं, निव्वळ लाज. त्याने हिंदुस्थानातल्या शाकाहारी लोकांवर लेखमाला लिहिली, आणखी एका लेखात सगळ्या फळांत आंब्याला पहिला नंबर दिला (त्या मुलाबद्दल कोकणाला आपुलकी वाटायला एवढंही पुरे होतं), आणि गरिबाच्या भाकरी-मिठाबद्दल लिहिताना जाता जाता नोंदवून ठेवलं की या मिठावर जबर कर आहे. पाककृतीच्या शेजारी शोभावं इतकं साधं वाक्य. पुढे १९३० साली तेच मीठ उचलायला आमच्या या घाटाखाली, शिरोड्याच्या मिठागरांवर माणसं लाठ्या खात उभी राहिली. पुतणीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, त्यांना स्टायपेंड होता?"

माझ्या आईला मात्र या मासिकाचं मूळ प्रयोजनच कळत नाही. तिच्या लेखी शिवराक जेवण ही काही जीवनशैली नव्हे, तो वार आहे. जूनजुलैत यांत्रिक बोटींना सरकारची बंदी, मागोमाग श्रावण. म्हणजे सरकार आणि पंचांग यांनी आपापसांत वाटून घेतलेला उपास. उरलेल्या वर्षाचे सोमवार महादेवाचे. "ह्यां छापूक पगार देतत?" तिने एकदा मला हळूच विचारलं, नातीचं मन दुखावू नये म्हणून. घरातला खरा विरोधी पक्ष म्हणजे मांजर. श्रावणाच्या पहिल्याच दिवशी ते ताटाभोवती एक प्रदक्षिणा घालतं आणि महिनाभरासाठी शेजारी राहायला जातं.

'माझं शाकाहारी वळण' या सदरासाठी पुतणीला एक अनुभव हवा होता. आधी काय खात होता, कधी सोडलं, काय फायदा झाला. वजन, त्वचा, झोप, पचन. तिने आजीलाच गाठलं. नारळ खवता खवता उत्तरं येत होती. झोप? ती पहिल्यापासून कमी. त्वचा? आजी हाताकडे बघून हसली. मग सोमवार कशासाठी पाळतेस?

"तुजो बापूस पाच वर्सांचो हुतो तेवां तेका ताप इलो. उतराकच तयार नाय. हिरण्यकेशीच्या म्हादेवाक सांगलंय, माजे सोमवार तुजे."

"आणि फायदा, आजी?"

"तुजो बापूस वाचलो मगे."

खवणीचा आवाज चालू राहिला. मला त्या तापातल्या रात्री आठवतात. धाकट्याच्या अंथरुणाशी मला जाऊ देत नसत, आणि आई सकाळी निथळत्या लुगड्याने परत यायची. ती कुठे जाऊन येते हे मला इतक्या वर्षांनी एका मासिकाच्या प्रश्नावलीमुळे कळलं. पुतणीने फायद्याच्या रकान्यात आजीचं वाक्य मालवणीतच लिहून पाठवलं. यावेळी पुण्याने एक अक्षर कापलं नाही.

हिरण्यकेशीचा विषय निघाला तसा तिने पुढचा लेखच तिथला घेतला. देवळामागच्या गुहेतून नदी निघते आणि अरबी समुद्राकडे पाठ फिरवून घटप्रभेला भेटायला पूर्वेला जाते. त्याच झऱ्यात एक इवलासा रंगीत मासा राहतो, शिस्टुरा हिरण्यकेशी. शास्त्राच्या दप्तरात त्याचं नाव २०२० साली लागलं आणि २०२१ साली राज्य सरकारने त्या जागेला जैवविविधता वारसास्थळ केलं. तिने लेख पाठवला आणि तिकडे दोन दिवस खल झाला. शाकाहारी मासिकात मासा कसा छापायचा? पुतणीने कळवलं, हा मासा कुणी खात नाही, तो देवळातला आहे. त्यावर विचारणा आली, की तो स्वतः काय खातो? पाण्यातले किडे खात असणार, असं आमच्या घरात एकमताने ठरलं, आणि कळवायचं नाही हेही. शेवटी लेख 'प्रवास' सदरात घ्यायचं ठरलं, फोटो मात्र देवळाचा.