टोपी-चष्मा योजनेचा अपुरा मसुदा

1987 सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या अंतर्गत खात्याचे मंत्री डोनाल्ड होडेल यांनी मानवजातीच्या रक्षणार्थ एक मसलत मांडल्याचे वृत्त वॉशिंग्टनमध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांची जी रेवडी उडवण्यात आली ती, आमच्या मते, सर्वस्वी अन्यायाची होती. ओझोनचा थर झिजत असल्यामुळे शीतकपाटांत आणि फवाऱ्यांच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुओरोकार्बन वायूंवर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालावेत, असा तगादा शास्त्रज्ञांनी लावला असता, कारखानदारांना नाहक तोशीस देण्यापेक्षा प्रजाजनांनीच टोप्या घालाव्यात, काळे चष्मे लावावेत आणि अंगाला मलम चोपडावे, असा त्या मसलतीचा मथितार्थ सांगितला गेला. (आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाला, असा खुलासा मंत्रिमहोदयांनी पुढे केला, युगप्रवर्तक कल्पनेच्या जनकाला एवढा विनय शोभतोच.)

माशांना चष्मे कोण लावणार, असे टीकाकारांनी तत्काळ विचारले. हा प्रश्न त्यांनी चेष्टेने विचारला असला तरी तो निव्वळ अंमलबजावणीचा आहे. शिवाय मत्स्य आणि वन्यजीव यांचा बंदोबस्त होडेलसाहेबांच्याच खात्याकडे असल्यामुळे दरखास्त दुसऱ्या दफ्तरात धाडण्याचीही गरज नव्हती. अडचण आली असती ती अंटार्क्टिकात. तेथे वसंत ऋतूतील ओझोन तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटल्याचे जोसेफ फार्मन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1985 मध्येच जाहीर केले होते. त्या समुद्रातील क्रिल नामक कोळंबीसदृश जीवाला टपोरे काळे डोळे आहेत खरे, परंतु चष्म्याच्या काड्या अडकवण्यासाठी निसर्गाने त्याला कान दिलेले नाहीत. त्याचे खाद्य म्हणजे सूक्ष्म वनस्पतिप्लवक. त्यांना तर डोकेही नाही, तेव्हा टोपीचे माप कोणत्या अवयवाचे घ्यावे, हा पेच कोणत्याही शिरस्त्याने सुटणारा नव्हता. उन्हात जो उभा राहत नाही त्याला काही बाधा होत नाही, असेही होडेलसाहेबांच्या नावावर छापले गेले. सिद्धान्त निर्दोष आहे. फक्त प्लवकांची भाकरी उन्हातच भाजली जाते, आणि प्रकाश सोडून ते खोल पाण्यात उतरले, तर अतिनील किरणांपासून वाचतात आणि उपासमारीने मरतात. संरक्षण मात्र पूर्णतः व्यक्तिगत राहते.

एवढी व्यापक योजना बासनात बांधून, ज्या थरातला सगळा ओझोन भूपृष्ठाच्या दाबाखाली गोळा केला तर तीन मिलिमीटरच भरेल, त्या थरासाठी 16 सप्टेंबर 1987 रोजी माँट्रियल येथे दोन डझन राष्ट्रांनी करारनाम्यावर सह्या केल्या. त्या अगोदर जुलैअखेरीस खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या नाकावरून त्वचेच्या कर्करोगाचा एक अंश कापून काढावा लागला होता. कार्यकारणभाव आम्ही सुचवीत नाही, केवळ तारखांचा क्रम नोंदवतो. पुढच्या वर्षी सिनेटनेही तो करार विरोधात एकही मत न पडता संमत केला. कारखानदारांचे दिवाळे निघाले नाही. त्यांनी दुसरे वायू शोधून तेही विकले. यांतील जे वायू ओझोनच्या वाटेला जात नाहीत, त्यांतील पुष्कळसे मात्र कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो, कित्येकदा हजारो पटींनी उष्णता कोंडून धरतात, म्हणून 2016 साली किगाली येथे त्यांच्यासाठीही नवी कलमे लिहावी लागली.

होडेलसाहेबांची मसलत मात्र वाया गेली असे समजू नये. पृथ्वीच्या तापमानवाढीच्या प्रकरणी तिला सर्वत्र राजाश्रय मिळाला असून, आमच्याकडेही दर चैत्रात परिपत्रक निघते की दुपारी बारा ते तीन या वेळेत बाहेर पडू नये, डोक्याला टोपी अथवा रुमाल बांधावा आणि पाणी भरपूर प्यावे. सल्ला हिताचाच आहे, आणि विदर्भात रस्त्यावर डांबर ओतणाऱ्या बिगाऱ्याने तो पाळलाही असता. परंतु त्याची रोजंदारी नेमकी त्याच तीन तासांतून जाते आणि त्या तासांची मजुरी कोणी द्यावी याविषयी परिपत्रक मौन पाळते. ज्या दालनात हा मजकूर सिद्ध होतो तेथील वातानुकूलन यंत्रात, किगालीच्या कलमांत ज्याचा निर्देश आहे तोच वायू बहुधा भरलेला असतो, आणि थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून दार लावून घेण्याची ताकीद शिपायाला अत्यंत कडक असते. शिपाई बाहेरच्या बाजूला बसतो.