नवीन काय? आणखी एक टॅब

२०१४ साली ग्रंथपालांच्या जगात एक क्रांती झाली. वेबपानावरचे टॅब तोवर वरच्या बाजूला आडवे असत, ते आता डावीकडे उभेही लावता येऊ लागले. या क्रांतीवर परिषदांमध्ये सत्रं झाली, निबंध लिहिले गेले, विद्यार्थ्यांना संगणकासमोर बसवून टॅब वर बरे की डावीकडे बरे, याची परीक्षा घेतली गेली. मुळात या पानावर तू कशाला आलास बाबा, हे मात्र विचारायचं राहून गेलं.

ज्या सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या अवतारात हे घडलं त्याचं नाव लिबगाइड्स. स्प्रिंगशेअर नावाच्या अमेरिकी कंपनीने ते २००७ साली बाजारात आणलं आणि आज तिथल्या कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर गेलात तर बहुधा तेच भेटतं. मानसशास्त्राचं एक गाइड, नर्सिंगचं एक, यादवी युद्धाच्या इतिहासाचं एक. प्रत्येकात चौकोनी बॉक्स, बॉक्समध्ये डेटाबेसच्या लिंका, निवडक पुस्तकं, संदर्भ कसे द्यायचे त्याचे नियम आणि कोपऱ्यात ग्रंथपालाचा हसरा फोटो. फोटोखाली बटण: मला ईमेल करा. फोटो कोणत्या साली काढलेला आहे हे चष्म्याच्या फ्रेमवरून ओळखायचं.

थट्टा करतोय म्हणून हे सॉफ्टवेअर टाकाऊ आहे असं समजू नका. त्याआधी ग्रंथालयाच्या पानावरचा एक स्वल्पविराम हलवायचा तरी आयटी विभागाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. लिबगाइड्सने ग्रंथपालाला त्या दारातून सोडवलं. कोड येत नसलेला माणूससुद्धा दुपारी जेवून बसला तर चारपर्यंत गाइड तयार. सोपं झालं आणि तिथेच घोळ सुरू झाला.

कारण या गाइडचा आजा कागदाचा होता. १९७० च्या सुमारास एमआयटीच्या 'प्रोजेक्ट इंट्रेक्स' नावाच्या प्रयोगात 'पाथफाइंडर' निघाले. एका विषयाला एक-दोन पानांचा कागद. हा विषय म्हणजे काय ते दोन ओळींत, त्यासाठी आधी कोणता कोश उघडायचा, कॅटलॉगमध्ये कोणत्या शब्दाखाली शोधायचं, कोणत्या कपाटापाशी उभं राहायचं, बस. तो नवख्यासाठी होता आणि सगळं सांगायचं नाही हे त्याचं धोरणच होतं. धोरण पाळणं सोपंही होतं, कारण कागद संपायचा. नववं पुस्तक घालायचं तर आधीच्या आठांतलं एक काढावं लागे, आणि कोणतं काढायचं हे ठरवायला विषय कळावा लागे.

वेबपान संपत नाही. म्हणून काढावं काहीच लागत नाही. रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ साली पुस्तकरूपाने आले. त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवा म्हणतो, पाचवा म्हणतो ग्रंथालय वाढत राहणारी संस्था आहे. गाइडांनी पाचवा मनावर घेतला. काही लाख गाइडं झाली आहेत म्हणे, आणि एकेकात डझनभर टॅब, टॅबखाली उपटॅब. पहिल्या वर्षाच्या पोराला हवामानबदलावर पाच पानं खरडायची असतात, त्यासाठी त्याला आधी एक छोटं संकेतस्थळ पाठ करावं लागतं.

यात सर्वांत लाडकं फीचर म्हणजे पुनर्वापर. दुसऱ्याचा बॉक्स उचलून आपल्या गाइडात ठेवता येतो, परवानगी असेल तर दुसऱ्या विद्यापीठाचं अख्खं गाइडही. उचलण्याच्या दोन रीती. एकीत मूळ बॉक्सशी नाळ जोडलेली राहते, मूळ बदललं की सगळीकडे बदलतं. दुसरीत नुसती नक्कल होते आणि ती नक्कल मग पोरकी. अनुभवी लोक पहिली रीत शिकवतात, घाईतले लोक दुसरी वापरतात, आणि घाईत कोण नसतो? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संदर्भ देण्याच्या नियमांची सातवी आवृत्ती २०१९ च्या ऑक्टोबरात आली. सहाव्या आवृत्तीचे नियम सांगणारा बॉक्स तोवर गाइडागाइडांत नकलून बसलेला. मूळ बाईंनी आपला बॉक्स निष्ठेने सुधारला असेल. नकला आपल्या जागी निवांत. विद्यार्थी त्यातल्या एका नकलेप्रमाणे प्रामाणिकपणे टिपा देतो, प्राध्यापक गुण कापतात, आणि पोरगा म्हणतो की लायब्ररीनेच तर सांगितलं होतं. खोटं बोलत नाही तो.

मेलेल्या लिंका शोधणारं यंत्रही सोबत मिळतं. त्याची अडचण अशी की पलीकडचा सर्व्हर 'हो, आहे' म्हणाला की त्याचं समाधान होतं. तिथे आधी दुष्काळाची आकडेवारी होती आणि आता ऑनलाइन जुगाराची जाहिरात आहे, यातला फरक त्याला कळत नाही. तो कळायला पान उघडून वाचावं लागतं. वाचण्याचं फीचर अजून कुणी विकायला काढलेलं नाही.

बाय द वे, ही गाइडं मन लावून वाचणारा एक वर्ग आहे. ग्रंथपालांना त्याची पत्रं येतात. 'नमस्कार, मी एका शाळेत शिकवते. तुमचं बागकामावरचं पान माझ्या मुलांना अतिशय आवडलं. आमच्यातल्या एका चिमुकलीने स्वतः शोधून ही उपयुक्त लिंक काढली आहे, ती तुमच्या पानावर लावलीत तर तिला किती आनंद होईल!' लिंक उघडावी तर गटारं साफ करणाऱ्या किंवा गवत कापून देणाऱ्या कंपनीची. शाळा नाही, बाई नाहीत, चिमुकली तर नाहीच. विद्यापीठाच्या पानावरून लिंक मिळाली की गूगलमध्ये पत वाढते, एवढाच मामला. तरी त्या चिमुकलीसाठी दोन मिनिटं हळहळलेले ग्रंथपाल मला ठाऊक आहेत. इतकं सुंदर अभिप्रायपत्र खऱ्या विद्यार्थ्याकडून कधी आलेलं नसतं ना.

मग हे चालतं कशाच्या जोरावर? आकड्यांच्या. सॉफ्टवेअर प्रत्येक गाइड किती वेळा उघडलं ते मोजतं आणि वार्षिक अहवालात त्याचा स्तंभालेख चढता दिसतो. पान उघडून, 'अरे हे नव्हे' म्हणून मागे फिरलेला माणूसही त्या स्तंभात एक वीट लावून जातो. कुणी सांगितलं नव्हतं अशातला भाग नाही. लिबगाइड्स जन्मायच्याही आधी, २००४ साली, रॉचेस्टर विद्यापीठाच्या ब्रेंडा रीब आणि सुझन गिबन्स यांनी एक लेख लिहून ठेवला होता. विषयवार गाइडांवरच्या मेहनतीचा परतावा फार कमी आहे, हे त्यांनी थेट शीर्षकातच टाकलं. कारण सरळ होतं. विद्यार्थी 'समाजशास्त्र' या खान्यात विचार करत नाही, तो 'सोमवारचा तास, शुक्रवारी द्यायचा पेपर' या खान्यात विचार करतो. त्याला गाइड द्यायचं तर त्या तासाचं द्या. लेख भरपूर वाचला गेला, त्याचे दाखले भरपूर दिले गेले, आणि त्यानंतर तासाचीही गाइडं निघाली. विषयाची ठेवून.

पण हे सगळं मोडीत काढायला हात उचलतो तेव्हा मला मराठीच आडवी येते.

१९६२ पासून पीएल-४८० योजनेखाली भारतातली पुस्तकं अमेरिकेत जाऊ लागली. आपण गहू घेतला, त्याची किंमत रुपयांत चुकवली, ते रुपये अमेरिकेच्या नावाने इथेच साठले, आणि त्यांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने पुस्तकं विकत घेऊन शिकागो, बर्कली, पेनसिल्व्हेनिया, विस्कॉन्सिन अशा विद्यापीठांना धाडली. त्यात मराठी पुस्तकंही गेली. इथे जिल्हा ग्रंथालयात वाळवीने खाल्लेली कादंबरी तिथे वातानुकूलित कपाटात सुखाने नांदत असण्याची शक्यता दांडगी. आता समजा साताऱ्याची मुलगी तिथे शिकायला गेली आणि 'ज्ञानेश्वरी'वरची पुस्तकं शोधू लागली. ती रोमन लिपीत आपल्या उच्चाराप्रमाणे टाइप करणार, डी-एन-वाय. कॅटलॉग तिला काही धड दाखवणार नाही. तिथे ग्रंथनामं ठरावीक लिप्यंतराने नोंदवतात. त्या पद्धतीत 'ज्ञ' म्हणजे जे आणि पुढे डोक्यावर नागमोडी रेघ घेतलेला एन. तिने जे-एन लिहिलं की कपाटंच्या कपाटं उघडतात. ही गोष्ट ना तिच्या मराठीच्या मास्तरांनी सांगितलेली असते ना तिथल्या प्राध्यापकांनी. ती माहीत असते दक्षिण आशिया विभागाच्या ग्रंथपालाला, आणि ती गाइडात एका ओळीत लिहिता येते.

तसंच मोल्सवर्थचं. १८५७ ची त्याची मराठी-इंग्रजी कोशाची आवृत्ती शिकागो विद्यापीठाने अख्खी ऑनलाइन ठेवली आहे, फुकट, शब्द टाकून शोधता येईल अशी. दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'ही शेजारीच आहे. पुण्यात बसून मराठी लिहिणारे कितीतरी लोक हे कोश रोज वापरतात आणि कितीतरींना त्यांचा पत्ताच नाही. चांगल्या गाइडाने एवढंच करावं: हे आहे, इथे आहे, जुन्या शब्दासाठी आधी हा उघड, नाही सापडला तर तो. चार ओळी. त्याला ना टॅब लागतो ना गोल कोपऱ्यांचा बॉक्स ना फिरती चित्रमाला.

आपल्याकडे तर या चार ओळींची गरज तिथल्याहून मोठी आहे. 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. उत्तम! आता एखाद्या तालुक्याच्या सरकारी कॉलेजातल्या एमएस्सीच्या मुलीने लॉगइन केलं, समोर १३,००० नियतकालिकं. पुढे काय? कोणतं उघडायचं, आढावा घेणारा लेख कोणता, मूळ प्रयोगाचा कोणता, हे तिला कोण सांगणार? वर्गणी ६,००० कोटींना मिळाली. चार ओळी लिहिणाऱ्या ग्रंथपालाचं पद अनेक ठिकाणी रिक्त आहे, आणि जिथे भरलेलं आहे तिथे तो माणूस परीक्षेच्या बैठकव्यवस्थेत अडकलेला असतो.

पुन्हा अमेरिकेत जाऊ, कारण तिथे मधल्या काळात एक गंमत झाली. गाइडं छाटा, जुनी काढा, असं शहाणे ग्रंथपाल वर्षानुवर्षं सांगत होते. समित्या नेमल्या, धोरणं लिहिली, 'गाइडं कशी कमी करावीत' यावर गाइडं काढली. ढिम्म. कुठलीही पान-पुसणी कुणाच्या तरी लेकरावर फिरवल्यासारखी वाटायची. मग एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या न्याय विभागाने नियम काढला, की सरकारी संस्थांची, म्हणजे सरकारी विद्यापीठांचीही, वेबपानं अपंग व्यक्तींना वापरता आली पाहिजेत आणि त्यासाठी डब्ल्यूसीएजी २.१ चं 'डबल ए' मानक पाळलं पाहिजे. म्हणजे काय, तर प्रत्येक चित्राला वर्णन हवं, फिकट राखाडीवर पांढरी अक्षरं नकोत, मथळे क्रमाने हवेत. आणि 'इथे क्लिक करा' अशा लिंका नकोत, कारण पडदा वाचून दाखवणारं यंत्र वापरणाऱ्या अंध वाचकाला ओळीने बारा वेळा फक्त 'इथे क्लिक करा' ऐकू येतं. इथे म्हणजे कुठे, ते डोळसांनाही नीट कळत नव्हतं ही वेगळी गोष्ट.

कंपनी आपल्या बाजूने साचे सुधारत राहिली. पण साच्यात ओतलेला मजकूर ग्रंथपालाचा. तो दुरुस्त करायचा तर प्रत्येक गाइड, प्रत्येक बॉक्स, प्रत्येक स्कॅन केलेली पीडीएफ उघडून बघणं आलं. अनेक ठिकाणी लोकांनी हिशेब केला आणि त्यांना साक्षात्कार झाला: पुसणं स्वस्त आहे. समित्यांना जे जमलं नाही ते अंध वाचकाच्या हक्काने करून दाखवलं. गाइडं धडाधड निवृत्त होऊ लागली आणि कुणाचीही तक्रार आली नाही, त्या बागकामवाल्या बाईंचीसुद्धा.

अर्थात जागा रिकामी झाली की भरायला नवा माल हजरच असतो. २०२३ मध्ये बघता बघता विद्यापीठागणिक चॅटजीपीटीचं गाइड उगवलं. एकमेकांच्या गाइडांवरून उतरवलेलं, आणि उतरवून होईस्तोवर शिळं झालेलं. 'यंत्र खोटे संदर्भ रचतं, सावध राहा' हे त्यात ठळक अक्षरांत असायचं. ज्या पोराने सावध राहायला हवं होतं तो मात्र यंत्राने दिलेली यादी घेऊन काउंटरवर येतो: लेखक खरा, नियतकालिक खरं, खंड खरा, पृष्ठक्रमांकही दिलेला, फक्त लेख कुणी लिहिलेलाच नाही. ग्रंथपालबाई अर्धा तास तो लेख शोधतात. सापडत नाही म्हणजे आपलंच काही चुकलं असेल असं त्यांना आधी वाटतं, मग नियतकालिकाचा तो अंक उघडून पान बघतात, तर त्या पानावर भलत्याच विषयाची चर्चा. मग त्या पोराला विचारतात, तुला नेमकं काय हवंय? पाच मिनिटांत त्याला दोन खरे लेख देतात.

या पस्तीस मिनिटांची गाइडच्या आकडेवारीत नोंद: शून्य.