चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात उभं राहिलं, की तात्या हटकून दिसतो. तात्या हा कुणी एक माणूस नव्हे. जुन्या पिकअपच्या मालकाचा तो हुद्दाच आहे. गाडी टाटाची दोनशेसात किंवा तिच्याच वयाची. मागच्या फळीवर ‘आई मुक्ताबाई प्रसन्न’, पुढे लिंबू-मिरची, आणि या दोघांच्या मध्ये जे काही आहे ते निव्वळ श्रद्धेवर चाललेलं.

तात्याला ओळखायचं हातांवरून. ताक घुसळावं तसं तो स्टेअरिंग घुसळत असतो. रस्ता सरळ, समोर चिटपाखरू नाही, तरी चार बोटं डावीकडं, चार बोटं उजवीकडं. गाडी मात्र नाकासमोर जाते. शेजारी बसलेल्या नवख्यानं बिचकत विचारलं, ‘‘तात्या, प्ले जास्त वाटतोय का हो?’’ तर उत्तर ठरलेलं : ‘‘थोडा असतोच.’’

तात्या कंजूष मुळीच नाही. टेपला नवे स्पीकर, दिवाळीला केबिनला रंग, सीटला लाल मखमल, यात त्यानं कधी हात आखडला नाही. पण जे चारचौघांत मिरवता येत नाही त्यावर पैसा घालायचा म्हटलं की त्याच्या घरी सुतक. टाय रॉड झाले, किंगपिन झाले, ड्रॅग लिंक झाली. दर वेळी मिस्त्री म्हणाला, ‘‘आता स्टेअरिंग बॉक्सच राहिला, तात्या.’’ दर वेळी तात्या म्हणाला, ‘‘हा हंगाम जाऊ दे.’’ जुलै २०२३मध्ये २० किलोचं क्रेट २,००० रुपयांच्या वर गेलं, तेव्हा गाडी उभी करायला सवड नव्हती. दोनेक महिन्यांत भाव मातीत गेला, तेव्हा पैसे नव्हते. बॉक्स बदलण्याजोगा भाव टोमॅटोला अद्याप मिळालेला नाही.

शिवाय तात्याकडं एक स्क्रू आहे. स्टेअरिंग बॉक्सच्या झाकणावर लॉकनटखाली तो असतो. कसला की आतले दात एकमेकांच्या जवळ येतात आणि प्ले कमी होतो. गाडीला आठ वर्षं उलटून गेल्यामुळं पासिंग दरसालचं. पासिंगच्या आदल्या संध्याकाळी तात्या हा स्क्रू आवळतो, दुसऱ्या दिवशी सैल करतो. मध्ये एकदा सैल करायचा राहून गेला आणि तो तसाच माळशेज उतरला. गाडीचं बहुतेक आयुष्य सरळ जाण्यात जातं, म्हणून बॉक्समधले मधले दात झिजतात आणि कडेचे कोरे राहतात. मधल्यांच्या मापानं स्क्रू आवळला, तर वळणावर हे कोरे दात जाम बसतात. स्टेअरिंग वळलं ते वळलंच, परत यायचं नाव घेईना. खाली टोकावड्याला चहा पिताना तात्या म्हणाला, ‘‘आज घाट जरा जड होता.’’

शेवटी काम निघालं ते एका बदली ड्रायव्हरमुळं. तो गाडी घेऊन गेला आणि आळेफाट्याहून परत आला. किल्ली तात्याच्या हातावर ठेवून म्हणाला, ‘‘रस्ता एकीकडं, गाडी दुसरीकडं, मी तिसरीकडं. मला पोरंबाळं आहेत.’’ हे चार माणसांत झालं, म्हणून तात्याच्या जिव्हारी लागलं.

भंगारातला बॉक्स बसवायची तात्याची तयारी होती, पण मिस्त्री हटून बसला आणि नाना पेठेतून नवा आला. जुना मात्र निघेना. खालच्या ड्रॉप आर्मचा नट सुटला, पण आर्म दांड्याच्या खाचांत गंजून बसलेला. पुलर लावला, ताणला. जमलेल्यांपैकी एक म्हणाला डिझेल ओत, दुसरा म्हणाला गॅसनं तापव, तिसरा (याच्याकडं स्कूटरसुद्धा नाही) म्हणाला तुमची पद्धतच चुकली. मिस्त्रीनं कुणाकडं न बघता आर्मच्या डोळ्यावर बाजूनं दोन घण घातले. ठक्क! सगळे मागं सरले, तात्या सर्वांत मागं.

मग नवा बॉक्स शिकंज्यात धरून मिस्त्रीनं दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, फेरे मोजले, निम्मे परत फिरवून मध्य धरला आणि खडूनं खूण केली. चाकं सरळ करून आर्म खुणेवर चढवला, नव्वद नंबरचं ऑइल भरलं. जुना बॉक्स उघडून कागदावर पालथा केला तेव्हा काळ्या तेलातून छर्रे घरंगळले; वर्मच्या खाचेत मधोमध नखाला लागतील असे खड्डे. तात्यानं नख फिरवून पाहिलं. ‘‘एवढ्यासाठी बदलला?’’

आणि तात्या गाडीत बसला. सवयीनं चार बोटं डावीकडं. या वेळी चाकांनी ऐकलं! गाडी गटाराकडं, चार बोटं उजवीकडं, गाडी थेट रसवंतीवर. लोक पळाले. तात्या घामाघूम होऊन उतरला. ‘‘मिस्त्री, चांगली गाडी बिघडवलीस.’’ पुढं कितीतरी दिवस तो नाशिक रस्त्यानं नागमोडी जायचा. नाक्यावर हवालदारानं एकदा त्याचं तोंडही हुंगलं. माळकरी तात्याच्या ते वर्मी लागलं.

पण हात वळणावर आले आणि तात्या वेगळाच झाला. आता दुसऱ्याच्या पिकअपमध्ये बसला की आधी स्टेअरिंग हलवून बघतो आणि ‘‘अशी गाडी रस्त्यावर आणतातच कशी?’’ म्हणून मान हलवतो. परवा एका पोराला असाच झापला. पोरगं वरमलं, म्हणालं, नवा परवडत नाही. तात्या विरघळला. सीटमागून गोणपाट ओढलं, त्यातून छर्रे भरून, पुसूनपासून ठेवलेला जुना बॉक्स काढला.

‘‘चालू कंडिशन आहे. मधले दात जरा गेलेत, खोटं कशाला बोलू? पण तू कल्याणला माळशेजनंच जातोस ना? वळणाचे अगदी कोरे आहेत.’’