नाव ठेवणारे आणि नावं ठेवणारे

नावांच्या बाबतीत प्रोग्रॅमरइतका काटेकोर माणूस भूमी अभिलेख कार्यालयातही सापडायचा नाही. एखाद्या नवशिक्याने व्हेरिएबलला नुसतं ‘एक्स’ म्हटलं किंवा फंक्शनच्या कपाळी ‘टेम्प-२’ असं लिहिलं, की हा त्याला जवळ बसवून घेतो. नाव वाचताच आत काय आहे ते कळलं पाहिजे, सहा महिन्यांनी कोड उघडणाऱ्याला आपल्याला फोन करायची वेळ येता कामा नये, आडवळण नको, आणि गंमत तर नकोच नको, असं समजावतो. मग हाच गृहस्थ एके दिवशी स्वतःची नवी भाषा तयार करतो आणि तिला नाव देतो. ते नाव म्हणजे कधी सहकाऱ्याचं जन्मरत्न, कधी टीव्हीवरची विनोदी मंडळी, कधी पिकावर पडणारा रोग, तर कधी नुसतं एक अक्षर. याला लोक बेफिकिरी म्हणतात. पण या नावांमागची हकीकत पाहिली तर त्यांच्यावर भरपूर डोकं खर्च झालेलं दिसतं. फरक इतकाच की ते डोकं भाषा वापरणाऱ्यांसाठी खर्च झालेलं नसतं. ते झालेलं असतं त्याच मजल्यावर बसणाऱ्या चार-पाच जणांसाठी. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तेव्हा पाळण्याभोवतीच्या बायकांना खुणेची एखादी गोष्ट कळून हसू येतं, तसं हे नाव असतं. पुढे ते बाळ जगभर नोकरी करतं आणि पाळण्याशी नसलेले लाखो लोक ते नाव घेत राहतात, न हसता.

सर्वांत स्वच्छ पुरावा सी या भाषेचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिज विद्यापीठात एक भाषा आखली जात होती, तिचं नाव सीपीएल, म्हणजे केंब्रिज प्रोग्रॅमिंग लँग्वेज. लंडन विद्यापीठ त्यात सामील झालं तेव्हा मानापमान टाळण्यासाठी अक्षर तेच ठेवून ‘केंब्रिज’च्या जागी ‘कम्बाइन्ड’ घातलं गेलं. प्रकल्पातले एक मुख्य गृहस्थ ख्रिस्तोफर स्ट्रेची असल्यामुळे आतल्या मंडळींनी ‘सी’चा तिसरा अर्थही लावला: ख्रिस्तोफरची. ही भाषा फारच अवाढव्य होती, म्हणून मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ मध्ये तिचं आटोपशीर रूप काढलं, बीसीपीएल. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी तेही छाटलं आणि भाषेबरोबर नावाचीही छाटणी करून एकच अक्षर शिल्लक ठेवलं, बी. अर्थात हे एक मत झालं. थॉम्प्सन यांनी आधी केलेल्या एका भाषेचं नाव ‘बॉन’ होतं आणि ‘बी’ तिच्यावरून आलं, असं दुसरं मत आहे. बॉन तरी कशावरून? पत्नी बॉनी यांच्यावरून, किंवा मंत्र पुटपुटत विधी करणाऱ्या एका धर्मावरून. डेनिस रिची यांनी भाषेचा इतिहास लिहिताना दोन्ही शक्यता गंभीरपणे नोंदवल्या आणि निकाल दिलाच नाही. १९७२ च्या सुमाराला त्यांनी स्वतः पुढची भाषा केली ती सी. हे वर्णमालेतलं बी नंतरचं अक्षर की ‘बीसीपीएल’मधलं दुसरं, म्हणजेच यापुढची भाषा आली तर तिचं नाव डी असावं की पी, हा प्रश्नही त्यांनी मुद्दाम मोकळा सोडला. साध्या एका अक्षरात इतकी भाऊबंदकी भरलेली आहे, आणि सी शिकणाऱ्या मुलाला यातलं काहीही ठाऊक नसतं.

मोकळ्या सोडलेल्या प्रश्नावर प्रोग्रॅमर गप्प बसेल असं मात्र नाही. बियार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांची ‘क्लासेससहित सी’ १९८३ मध्ये नव्या नावाने आली, सी-प्लस-प्लस. सी भाषेत दोन अधिकचिन्हं म्हणजे किंमत एकाने वाढवा. लगेच नावं ठेवणारे सरसावले: चिन्हं मागे लावली तर आधी जुनी किंमत वापरली जाते आणि वाढ नंतर होते, म्हणजे ही भाषा वापरणाऱ्याच्या हाती पडते ती जुनी सीच! हा विनोद ज्याला कळला तो आपला, अशी त्याची जातपडताळणी आहे. मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये संगीतातला स्वर अर्ध्या पायरीने चढवणारं चिन्ह लावून सी-शार्प आणली. आणि वॉल्टर ब्राइट यांनी आपल्या भाषेचं नाव ‘मार्स’ ठेवलं होतं, तर भोवतालच्या लोकांनी तिला परस्पर ‘डी’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. बापाने दिलेलं नाव भावकीने फिरवलं.

अक्षरांचा कंटाळा आलेल्यांनी दागिन्यांचा डबा उघडला. लॅरी वॉल यांनी १९८७ च्या आपल्या भाषेसाठी बायबलमधल्या मौल्यवान मोत्याचं नाव घेतलं. त्या नावाची एक भाषा आधीच आहे असं कळल्यावर त्यांनी मोत्यातलं एक अक्षर काढून टाकलं आणि उरलं ते पर्ल. पुढे जपानमध्ये युकिहिरो मात्सुमोतो यांना पर्लच्या रांगेत बसेल असं रत्न हवं होतं. १९९३ मध्ये एका मित्राशी गप्पा मारताना पोवळं की माणिक असा विचार झाला आणि एका सहकाऱ्याचं जन्मरत्न म्हणून माणिक ठरलं, रूबी. खीडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत अ‍ॅमस्टरडॅममध्ये पायथन लिहायला घेतली तेव्हा त्यांच्या डोक्यात कुठलाही साप नव्हता; मॉन्टी पायथन हा ब्रिटिश विनोदवीरांचा संच होता. म्हणून त्या भाषेच्या माहितीपत्रकांतल्या उदाहरणांत व्हेरिएबलची नावं ‘स्पॅम’ आणि ‘एग्ज’ अशी असतात, तो त्या मंडळींच्या एका प्रसंगाचा संदर्भ आहे. ‘एक्स’ लिहिल्याबद्दल नवशिक्याला फैलावर घेणारे हेच ते लोक. सांगलीच्या किंवा साओ पावलोच्या विद्यार्थ्याने तो कार्यक्रम पाहिलेला नसतो. तो निमूटपणे डबाबंद मांस आणि अंडी यांची बेरीज करतो, आणि मुखपृष्ठावर साप काढतो. रस्टची गतही अशीच. तिचे जनक ग्रेडन होअर यांच्या मनात लोखंडावरचा गंज नव्हता, रस्ट नावाची बुरशी होती. मारली तरी मरत नाही, म्हणून त्यांना ती आवडली. गव्हावरचा तांबेरा पाहिलेल्या शेतकऱ्याला हे कौतुक कसं ऐकवावं हा प्रश्नच आहे.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे एकटे-दुकटे हौशी लोक झाले. जिथे जबाबदार संस्था होत्या तिथे नावं सरळच आहेत. फोर्ट्रॅन म्हणजे सूत्रांचं भाषांतर, कोबोल म्हणजे व्यवसायासाठीची सामाईक भाषा, बेसिक म्हणजे नवशिक्यांसाठीची सर्वोपयोगी संकेतभाषा. आक्षेप खरा आहे, पण तो पाटीवरच्या मजकुराइतकाच खरा आहे. पाटीमागे काय चाललं होतं ते पाहा. १९५८ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने अत्यंत जबाबदारीने ‘आयएएल’ हे नाव ठरवलं, इंटरनॅशनल अल्जिब्राइक लँग्वेज. लवकरच ती अल्गोल झाली. अमेरिकेत काही लोक तिची आपली आवृत्ती करत होते. ‘आमची आवृत्ती’ म्हणून ओव्हिअल हे नाव निघालं, ते प्रसूतीची आठवण करून देतं म्हणून कोणाला खटकलं, आणि त्या गटाचे प्रमुख ज्यूल्स श्वार्ट्झ यांच्या गैरहजेरीत त्यांचं आद्याक्षर पुढे चिकटवून झालं जोव्हिअल: ‘ज्यूल्सची स्वतःची आवृत्ती’. हे थट्टेतलं नाव मग अमेरिकन हवाई दलाच्या यंत्रणांवर अधिकृतपणे मिरवलं. बेल लॅब्जमधल्या स्नोबोलची कथा तर उलट्या क्रमाची आहे. आधीच्या नावाची आद्याक्षरं जुळून चारचौघांत उच्चारायची पंचाईत होत होती. नवं नाव शोधता शोधता कोणीतरी वैतागून म्हणालं की नाव सापडण्याची आशा नरकात बर्फाचा गोळा टिकण्याइतकीच आहे, आणि नाव तिथेच सापडलं. त्याचा शास्त्रशुद्ध विग्रह नंतर बसवण्यात आला. कोबोलच्या समितीत एका सदस्याने १९६० मध्ये कामाच्या रेंगाळण्याला कंटाळून ‘कोबोल’ असं कोरलेला थडग्याचा दगड विकत घेऊन थेट पेंटागॉनला पाठवून दिला होता. भाषा त्या दगडानंतर साठ वर्षांहून अधिक काळ बँकांचे हिशेब करते आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हल्ली नावं प्रोग्रॅमर ठेवतच नाहीत, कंपनीचे वकील ठेवतात. सन कंपनीच्या जेम्स गॉसलिंग यांनी कचेरीबाहेरच्या झाडावरून आपल्या भाषेला ‘ओक’ म्हटलं होतं. ते नाव दुसऱ्या कंपनीच्या मालकीचं निघालं, आणि १९९५ मध्ये कॉफीवरून जावा आलं. त्याच वर्षी नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइख यांनी दहा दिवसांत उभी केलेली भाषा आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि शेवटी, जावाचा बोलबाला पाहून, जावास्क्रिप्ट झाली. दोन्ही भाषांचं नातं आडनावबंधूंइतकंच. मानक ठरवण्याच्या वेळी मालकीचा प्रश्न पुन्हा आला आणि कागदोपत्री ‘एक्मास्क्रिप्ट’ असं नाव पडलं, जे ऐकून आइख यांना त्वचारोग आठवला. वकिलांनी नाव बदललं हे मान्य. पण नाव ठेवणाऱ्याची खोड त्यांना बदलता आली का? जावाची प्रत्येक संकलित फाइल कॉफीगृहातल्या एका सुंदरीच्या नावाने सुरू होते, कारण सोळाच्या पायावरल्या आकड्यांत ‘कॅफेबेब’ लिहिता येतं. जावाच्या सुट्या भागांना ‘बीन्स’ म्हणतात. आणि जावा हे बेट आहे म्हणून रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या मंडळींनी २०११ मध्ये आपल्या भाषेला जवळच्या बेटाचं नाव दिलं, कोटलिन. पुण्यात किंवा सॅन होजेत दोन मराठी इंजिनिअर भेटले की ‘सध्या जावातच आहे, पण पायथनमध्ये जायचं चाललंय’ असं निर्विकारपणे बोलतात. शेजारच्या आजोबांना त्यात एक बेट आणि एक अजगर ऐकू येतो. आजोबा निम्मे तरी बरोबर असतात, बोलणारे दोघे याचा विचारही करत नाहीत.

नाव ठेवणाऱ्याच्या या स्वभावात नम्रताही आहे, पण ती खास त्याच्या पद्धतीची. अ‍ॅलन के यांच्या लक्षात आलं होतं की झ्यूस, ओडिन, थॉर अशा देवादिकांच्या नावांच्या प्रणाली बहुधा काहीच करत नाहीत. म्हणून त्यांनी आपल्या भाषेला स्मॉलटॉक म्हटलं, हवापाण्याच्या गप्पा. काही बरं निघालंच तर लोकांना आश्चर्य वाटावं. हा नम्रपणा मनात किती मोठी अपेक्षा धरून आहे ते वेगळं सांगायला नको. ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी बेल लॅब्जच्या ‘एस’ या भाषेच्या धर्तीवर ‘आर’ काढली. वर्णमालेत एक पाऊल मागे उभं राहून दोघांनी स्वतःचं आद्याक्षर मात्र कोरून घेतलं. रॅस्मस लेरडॉर्फ यांची पीएचपी आधी केवळ वैयक्तिक मुखपृष्ठाची साधनं होती. मोठी झाल्यावर तिच्या नावाचा नवा विग्रह झाला, त्यातलं पहिलं अक्षर पुन्हा ‘पीएचपी’ याच शब्दाचं. नाव उलगडत गेलात तर कधीच संपत नाही. कनिष्ठाच्या कोडमध्ये असं न संपणारं चक्र सापडलं तर त्याची चहाची सुट्टी जाते. या सगळ्यांचा अर्क १९७२ मध्ये प्रिन्स्टनच्या दोन विद्यार्थ्यांनी काढला. त्यांच्या भाषेचं पूर्ण नाव ‘उच्चारता येईल असं संक्षिप्त रूप नसलेली कंपायलर भाषा’, आणि तिचं संक्षिप्त रूप, त्यांच्या मते उघडच, इंटरकॅल. त्यात ‘कृपया’ पुरेसं लिहिलं नाही तर प्रोग्रॅम उद्धटपणासाठी नाकारला जातो आणि जास्त लिहिलं तर लाळघोटेपणासाठी.

आता राहिला व्यवहारी माणसाचा प्रश्न: असेना का गंमत, कोणाचं काय बिघडतं? थोडं बिघडतं. ‘आर’ नावाच्या भाषेतली अडचण इंटरनेटवर शोधून पाहावी. गूगलमध्ये बसून, म्हणजे शोधयंत्राच्या घरात बसून, तीन नामवंतांनी २००९ मध्ये भाषेचं नाव ‘गो’ ठेवलं. शोधता यावं म्हणून लोकांना ‘गोलँग’ असं लिहावं लागलं. त्या तिघांपैकी एक ते ‘बी’वाले थॉम्प्सनच. शिवाय उद्गारचिन्ह असलेली ‘गो!’ नावाची भाषा आधीपासून होती. तिच्या कर्त्याने तक्रार मांडली, ती प्रकल्पाच्या तक्रारवहीत नववी नोंद होती, आणि ‘दुर्दैवी’ असा शेरा मारून ती बंद करण्यात आली. म्हणजे चौघांच्या गमतीची किंमत पाचवा भरतो, हे खरं. तरीही गंभीर मंडळींनाही हा मोह आवरत नाही. अमेरिकी संरक्षण खात्याने सत्तरच्या दशकात मोठी स्पर्धा घेऊन जी भाषा निवडली, तिला गणितज्ञ एडा लव्हलेसचं नाव दिलं. तिच्या लष्करी मानकाचा क्रमांक ठेवला १८१५, एडाचं जन्मवर्ष. मंजुरीची तारीख निवडली १० डिसेंबर १९८०, एडाचा वाढदिवस. निविदा काढणाऱ्या खात्यातही कोणीतरी चार मित्रांकडे बघून डोळा मारत होतं.

नमुना म्हणून एकच बारसं निवडायचं तर मी जानेवारी १९८८ मधलं येल विद्यापीठातलं निवडेन. नवी भाषा आखणाऱ्या समितीतल्या विद्वानांनी फळ्यावर डझनभर नावं लिहिली आणि प्रत्येकाला नावडती नावं खोडायची मुभा मिळाली. शेवटी तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्या स्मरणार्थ ‘करी’ ठरलं. रात्रभरात मंडळींच्या लक्षात आलं की यावर रश्शाचे विनोद होणार, आणि त्या नावाचा एक नटही आहे. विनोदाच्या धास्तीने नाव बदलणारी ही बहुधा पहिलीच प्रोग्रॅमर मंडळी. दुसऱ्या दिवशी आडनाव सोडून नाव घेतलं गेलं, हॅस्केल. रीतसर संमतीसाठी समितीतले पॉल ह्यूडॅक करींच्या पत्नी व्हर्जिनियाबाईंना भेटले. त्यांनी हरकत घेतली नाही, उलट ह्यूडॅक यांच्या व्याख्यानाला येऊन, एक अक्षर कळत नसताना, शेवटपर्यंत बसल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की हॅस्केलला स्वतःला हॅस्केल हे नाव कधीच आवडलं नव्हतं.