सस्पेन्स खात्यातले भाऊकाका

भाऊकाका काम टाळत नाहीत. काम टाळणारा माणूस कामाचं नाव निघालं की उठून जातो. भाऊकाका कामाचं स्वागत करतात. त्याला पाटपाणी देतात, त्याच्याविषयी सविस्तर बोलतात, त्याच्यासाठी नवी फाइल आणतात, फाइलीवर ठसठशीत अक्षरात नाव घालतात आणि मग "बघतो आता" म्हणून ती कपाटात ठेवून देतात. कर्वेनगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये अशा फायलींची एक शिस्तशीर रांग आहे. 'वारस नोंद, राजापूर'. 'माळा आवरणे'. 'आठवणी (लेखन)'. 'मिक्सर, गॅरंटी'. गॅरंटी संपली, पुढे मिक्सरही संपला. फाइल मात्र सुस्थितीत आहे.

पेन्शन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपण अजून आहोत एवढंच सांगायचं. भाऊकाका ते सांगायला महिन्याच्या शेवटच्या दिवशी, शटर पडायच्या बेतात असताना, धापा टाकत पोचतात. काकू म्हणतात, "ह्यांना जिवंत असल्याचं कळवायलासुद्धा मुदतवाढ लागते."

आता ह्यातली गंमत अशी की हा माणूस मुळात ढिला नाही. सगळी नोकरी बँकेत गेली आणि मस्टरवर एकदाही लाल शेरा नाही. कॅश टॅली झाल्याशिवाय घरी गेले नाहीत. ३१ मार्चची रात्र लेजरांच्या ढिगात काढून पहाटे आनंदाने चहा प्यायलेले. शाखेत लोक त्यांच्या डब्याच्या वेळेवर घड्याळ लावत. असा माणूस निवृत्त झाला आणि वर्षभरात असा का झाला, हे कोडं काकूंनाही सुटलं नव्हतं, आम्हा शेजाऱ्यांनाही नाही. "आता वेळच वेळ आहे," असं ते निवृत्तीच्या समारंभात म्हणाले होते. तिथेच घात झाला.

त्यांची पुतणी हिंजवडीला नोकरी करते. हुशार, पण लहानपणापासून डबा शाळेत आणि दप्तर रिक्षात विसरणारी. तिशीत मनोविकारतज्ज्ञांनी तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड करणारा विकार, असल्याचं निदान केलं. औषध सुरू झालं, आणि जोडीला आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर कोच. ही कोचची कल्पना हॅलोवेल आणि रेटी ह्या दोन अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९४ सालच्या आपल्या पुस्तकात मांडली आणि पुढे तिचा एक व्यवसायच झाला. मैदानाच्या कडेला गळ्यात शिट्टी अडकवून उभा असतो, तसला कोच त्यांच्या डोळ्यांसमोर होता. तो निदान करत नाही, औषध देत नाही. तुम्ही काय करणार म्हणालात ते लक्षात ठेवतो, आणि पुढच्या वेळी विचारतो.

"एवढंच? मग त्याला पैसे कशाला? तुझी काकू फुकट विचारते," असं भाऊकाका म्हणाले. त्यानंतर त्यांनी मोबाइलवर लक्षणांची यादी वाचली आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला. सुरू केलेली कामं अर्धवट राहतात? राहतात. वस्तू सापडत नाहीत? चष्मा. समोरचा बोलत असताना लक्ष नसतं? "हे मात्र काकूला विचारू नकोस," ते पुतणीला म्हणाले. दोन दिवस ते अत्यंत समाधानाने फिरत होते. आपल्या आळसाला इंग्रजी नाव मिळाल्यावर माणसाच्या चालण्यात जो एक डौल येतो, तो त्यांच्यात आला होता. सोसायटीच्या मीटिंगला उशीर झाला तर "माझं निदान व्हायचंय" असं सांगू लागले.

पुतणीनेच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पुष्कळ वेळ दिला. झोप कशी आहे, थायरॉइड तपासलंय का, मन उदास असतं का, सगळं विचारलं. मग म्हणाले, "लहानपणी कसे होतात? ह्यातली काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसायला लागतात. आणि एकाच ठिकाणी असून चालत नाहीत. घरी, शाळेत, कामावर, निदान दोन ठिकाणी तरी दिसली पाहिजेत. शाळेचं काही आहे का?" भाऊकाकांनी पिशवीतून फाइल काढली, फाइलीतून प्लास्टिकचं पाकीट, पाकिटातून चौथीचं प्रगतिपुस्तक. वर्तणूक उत्तम, नीटनेटकेपणा उत्तम, हजेरी शंभर टक्के. साठ वर्षांपूर्वीचा कागद त्यांनी क्षणात काढून दाखवला, तेव्हाच डॉक्टरांना हसू आवरेना. "काका, तुम्हाला एडीएचडी नाही."

रिपोर्ट नॉर्मल आल्याने इतका खट्टू झालेला पेशंट मी दुसरा पाहिला नाही. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "नाही म्हणतात हो मला." जणू त्यांचं कर्ज नामंजूर झालं होतं.

पुढे जे झालं त्याचं श्रेय पुतणीच्या कोचला. भाऊकाकांनी तिला कॉलवर सरळ विचारलं, "मॅडम, मला काही झालेलं नाही. तरी मला घ्याल का?" ती म्हणाली, "घेईन की. मला सर्टिफिकेट लागत नाही. तुमचं अडकतं कुठे ते सांगा." भाऊकाकांनी वारस नोंदीची कथा सुरू केली. गावची जमीन, सातबारावर अजून आजोबांचंच नाव, नऊ वारस, त्यांतले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. कोचने मध्येच थांबवलं. "ह्यातली पहिली हालचाल कोणती? म्हणजे तुमचा हात आधी कुठे जाईल?"

भाऊकाका विचारात पडले. इतकी वर्षं ते राजापूरला जायचं, तलाठ्याला भेटायचं, सगळ्या भावंडांना एकत्र आणायचं असा एकदम डोंगर उचलत होते. हात आधी कुठे जाईल, हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. शेवटी म्हणाले, "कपाटाकडे. वडिलांचा मृत्यूचा दाखला काढायला."

"मग आज तेवढंच. कधी?"

"करतो की संध्याकाळी."

"संध्याकाळी म्हणजे कशानंतर?"

ह्या प्रश्नामागे शास्त्र आहे. पीटर गॉलविट्झर ह्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली लिहून ठेवलंय की 'हे करीन' असा नुसता संकल्प आणि 'अमुक झालं की तमुक करीन' असा बांधून घेतलेला संकल्प, ह्यांत दुसरा बराच अधिक पार पडतो. भाऊकाकांनी बांधून घेतलं: चहाचा कप विसळून पालथा घातला की कपाट उघडायचं. काकूंना पहिला धक्का बसला तो दाखला सापडल्याचा नव्हे, कप विसळल्याचा.

मग आली ती नुसती सोबत. पुतणी तिच्या घरी ऑफिसचा रिपोर्ट लिहीत बसायची, भाऊकाका इकडे अर्ज भरत. दोघांचे कॅमेरे चालू, आवाज बंद. काकूंना हे अजिबात पटेना. "तास तास न बोलता एकमेकांसमोर बसता, हे कसलं कोचिंग? मी जन्मभर शेजारीच बसलेय की!" भाऊकाका शांतपणे म्हणाले, "तू बोलतेस." त्या दिवशी जेवणात मीठ कमी होतं असं ऐकतो. पण पुण्याला ह्यात नवल वाटायचं कारण नाही. सदाशिव पेठेत, नवी पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासिकेला दरमहा पैसे मोजतात ते पुस्तकांसाठी नव्हे. पुस्तकं त्यांची त्यांचीच असतात. ते मोजतात शेजारच्या खुर्चीवर खाली मान घालून बसलेल्या अनोळखी माणसासाठी. अभ्यासिकेतल्या त्या सगळ्या मुलांना काही एडीएचडी नाही.

टाइमरची गोष्ट जरा वेगळ्या वळणाने गेली. १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिलो ह्या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास सुरू केला. त्यातून पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी अशी पद्धत निघाली. भाऊकाकांना पद्धत पसंत पडली, टोमॅटो पडला नाही. "घरात कुकर असताना?" म्हणून त्यांनी तीन शिट्ट्यांचं एकक ठरवलं. तीन शिट्ट्या होईपर्यंत उठायचं नाही. काकूंनी एका सकाळी राजमा लावून गॅस बारीक केला आणि शेजारी गप्पा मारायला आमच्याकडे आल्या. परत जाऊन बघतात तो भाऊकाकांचे भावंडांना पाठवायचे सगळे मसुदे लिहून झालेले, आणि ते तसेच खुर्चीवर, तिसऱ्या शिट्टीची वाट बघत.

पण ह्या साऱ्यात त्यांना मनापासून भावली ती वही. कोचने सांगितलं होतं, काम सुरू करण्याआधी किती वेळ लागेल ते लिहा, झाल्यावर किती लागला ते लिहा. कामाला लागणारा वेळ माणूस बहुतेकदा कमी धरतो, आधीचा अनुभव गाठीशी असला तरी. कानमन आणि ट्वर्स्की ह्या मानसशास्त्रज्ञांच्या जोडीने १९७९ सालीच हे मांडलं. भाऊकाकांना नावं लक्षात राहिली नाहीत, रकाने राहिले. अंदाज, प्रत्यक्ष, फरक. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्यासमोर टॅली करायला काहीतरी होतं! आणि टॅली लागत नव्हती. 'झेरॉक्स, अंदाज १५ मिनिटं, प्रत्यक्ष २ तास १०.' मधले दीड-दोन तास गेले कुठे? बँकेत जुळत नसलेली रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात आणि मागाहून शोधतात. भाऊकाकांनी हरवलेल्या वेळाचं सस्पेन्स खातं उघडलं. रात्री ते एकेक नोंद सोडवत: कोपऱ्यावरच्या मित्राशी निवडणूक, ४० मिनिटं, आंब्याची चौकशी, न घेता, २५ मिनिटं.

मला विचाराल तर कोडं इथे सुटलं. भाऊकाकांची ती प्रसिद्ध शिस्त त्यांची नव्हतीच, बँकेची होती. मस्टर, शटर, रांगेतलं गिऱ्हाईक, संध्याकाळची टॅली ह्या सगळ्यांनी मिळून त्यांना उभं धरलेलं होतं. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन बँकेने तेवढं सगळं काढून घेतलं. कोचने त्यातला थोडा भाग घरपोच परत केला. पुतणीची गोष्ट वेगळी. तिला शाळेत घंटा होती, ऑफिसात साहेब होता, तरी निसटत होतं. तिला जे औषधाच्या जोडीने लागतं, ते भाऊकाकांना नुसतं पुरतं.

हा फरक भाऊकाकांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. एका लग्नाच्या पंगतीत ते दहा जणांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अहो, थोडाफार एडीएचडी सगळ्यांनाच असतो! कुकर लावा, बरा होतो." पुतणीने जिलेबी खाली ठेवली. "काका, तुम्हाला चष्मा सापडत नाही. मला दोनदा नोकरी सापडली नाही." भाऊकाका गप्प झाले. घरी आल्यावर त्यांनी वहीत नोंद केली म्हणे: पंगतीतलं भाषण, अंदाज १ मिनिट, प्रत्यक्ष १ मिनिट, फरक नाही, करायला नको होतं.

वारस नोंद झाली. फेरफार मंजूर होऊन सातबारावर नऊही नावं लागली. न बोलणारे दोघे तिथे एकाखाली एक आहेत. हयातीचा दाखला गेल्या नोव्हेंबरात पहिल्याच आठवड्यात गेला. माळा तसाच आहे, कारण त्याची पहिली हालचाल शिडी आणणे ही आहे आणि शिडी सोसायटीची आहे, आणि सोसायटीचे सेक्रेटरी सध्या भाऊकाकाच आहेत. आठवणींचं एक पान लिहून झालंय. वाईट नाही.

मात्र एक इशारा देणं शेजारधर्माला धरून होईल. नुकता सुधारलेला माणूस आळशी माणसापेक्षा जास्त घातक असतो. कर्वेनगरात कधी आलात आणि जिन्यात भाऊकाका भेटले, तर कुठल्याही कामाविषयी त्यांच्यासमोर "बघतो" म्हणू नका. ते वही काढतील.