दहा गुंठ्यांचा उन्हाळा

न्यू जर्सीत उन्हाळा मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपतो. दोन्ही दिवस सुट्टीचे असल्यामुळे तारखेवरून वाद होत नाही. घोलवडला तो होळीनंतर चढत जातो आणि मृगाच्या तोंडावर, पडायच्या त्या कैऱ्या पडून झाल्यावर, आभाळ भरून आले की आटोपतो. म्हणजे डहाणू तालुक्यात छत्र्या झटकायला काढतात तेव्हा इकडचा उन्हाळा जेमतेम डोळे उघडतो. जून-जुलैत संध्याकाळी साडेआठपर्यंत उजेड असतो. पाहुण्यांना त्याचे कौतुक वाटते. घरच्यांना वाटत नाही, कारण ‘अंधार पडला’ ही सबब हातची जाते. (मागच्या पत्रात ‘मी’ फार आला, अशी आईची तक्रार होती. या पत्रात तो समूळ गाळला आहे. उल्लेख येईल तो सदर जोडप्याचा : नवरा घोलवडच्या चिकूवाडीतला, बायको तलासरीची.)

जोडप्याची जागा पाव एकर, म्हणजे दहा गुंठे. चिकू दहा-दहा मीटरवर लावतात, तेव्हा वाडीच्या हिशेबाने इथे दहा झाडे सहज बसतात. प्रत्यक्षात जमिनीत फळझाड एकही नाही. गवत आहे. त्याला वसंतात खत घालायचे, जुलैत पाणी पाजायचे, या लाडाने ते वाढले की कापायचे आणि कापलेले कागदी पोत्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवायचे. दारी म्हैस नाही, पेंढ्या बांधून विकाव्यात तर गिऱ्हाईक नाही. वाढू द्यावे तर शेजारी आधी हवापाण्याबद्दल बोलतात, मग गवताबद्दल, आणि तरी नाही कळले तर गावाच्या कचेरीतून चिठ्ठी येते. सदर जोडप्याला ती आली आहे. बायकोने ती फ्रिजवर लावली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वाचून दाखवते.

चिठ्ठी येण्याचे कारण यंत्र. गवत कापायच्या यंत्राला एक दोरी असते. ती खेचली की इंजिन सुरू होते, असे माहितीपत्रकात म्हटले आहे. मे महिन्यातल्या एका शनिवारी नवऱ्याने ती चाळीस वेळा खेचली. पहिल्या दहांत उत्साह होता, पुढच्या दहांत ताकद, नंतर फक्त घराण्याची अब्रू. शेवटी पलीकडचे ऐंशीच्या घरातले आजोबा हातात चहाचा मग घेऊन कुंपणाशी आले, टाकीचे झाकण काढून नुसता वास घेतला आणि मान हलवली. गेल्या वर्षीचे पेट्रोल हिवाळाभर टाकीत राहिले होते. शिळ्या पेट्रोलचा चिकट थर बसून इंधनाची बारीक भोके बुजतात. आजोबांनी टाकी रिकामी केली, एक सुटा भाग काढून पुसला, ताजे पेट्रोल ओतले आणि दोरी एकदाच खेचली. बायको खिडकीत होती.

या गवताची हकिगत तलासरीला फोनवर सांगितली, तेव्हा सासऱ्यांनी सगळे ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारला : “कापणीचा दर काय देतात?” हा प्रश्न तलासरीतच सुचू शकतो. 23 मे 1945 रोजी त्याच भागातल्या झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असे त्यांनी ठरवले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेचा लाल बावटा तेव्हा त्या भागात नुकता उभा राहत होता. त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर संप झाला तो गवतकापणीच्या मजुरीसाठी. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. न्यू जर्सीत गवत अजून पौंडातच मोजले जाते. एक भरलेले पोते तीस पौंडांचे धरले तर पाचशे पौंड म्हणजे सतरा पोती, आणि तेवढी सदर गृहस्थाने ऑगस्टपूर्वीच भरली होती. दर शून्य, शिवाय पेट्रोल पदरचे. सासरे म्हणाले, “मग ही वेठच की.” त्यावर उत्तर सुचलेले नाही.

मागच्या अंगणात बायकोची सत्ता आहे. तिथे मेथी, मिरच्या, भेंडी आणि अळू आहे. अळवाचे कंद तिने वाण्याकडून नव्हे, तर शोभेच्या झाडांच्या दुकानातून आणले. इकडे त्याला हत्तीचे कान म्हणतात आणि लोक ते दारासमोर नुसते बघायला लावतात. खायचे आणि शोभेचे यांत भेद असतो, म्हणून तिने पहिले एक पान चिंच घालून उकडले आणि नवऱ्याला खायला दिले. घसा खवखवला नाही. मग वड्या झाल्या. शेजारच्या बाईंना आपल्या दारची शोभा ताटात पाहून काय वाटले, ते त्यांनी सांगितले नाही. वड्या मात्र चार खाल्ल्या.

भेंडीचे वेगळे झाले. घोलवडला चिकूवर रात्री वटवाघळे येतात, इथे दिवसाढवळ्या हरणे येतात. कुंपण चार फुटांचे. हरिण ते न धावता ओलांडते. जे हरणाने सोडले ते ग्राउंडहॉगने संपवले. हा प्राणी घुशीचा श्रीमंत चुलतभाऊ वाटतो, बिळाच्या तोंडाशी उभा राहून हवा खातो आणि हाक मारली तर वळून बघतो.

घरात सुके बोंबील भाजण्यावर बंदी आहे. ती कायद्याने नाही, छताला लावलेल्या धुराच्या भोंग्यामुळे आहे. भोंगा वाजला की एकाने तव्याकडे आणि दुसऱ्याने सूप घेऊन भोंग्याकडे धावायचे, अशी वाटणी ठरलेली होती. हल्ली शेगडी गॅरेजच्या दारात मांडतात. गल्लीतली तीन मांजरे त्या दिवशी आधीच येऊन बसतात. त्यांना वार कसा कळतो, हे कळलेले नाही.

सहली तीन झाल्या. नायगरा पाहिला, फोटो पाठवले आहेत.

दुसरी सहल केप मेच्या समुद्राची. न्यू जर्सीत बऱ्याच गावांत उन्हाळ्यात वाळूवर बसायला पैसे पडतात. बिल्ला विकत घ्यायचा आणि तो अंगावर दिसेल असा लावायचा. तपासायला शाळकरी पोरे फिरत असतात. बोर्डीला सुरूच्या बनातून चालत गेले की समुद्र आपला असतो. ओहोटीला तो इतका लांब जातो की त्याच्याकडे पोचेपर्यंत पोहायची इच्छा मरते, पण बिल्ला कोणी विचारत नाही. दोन बिल्ले घेऊन झाल्यावर शेजारच्या छत्रीखालून समजले की पलीकडच्या वाइल्डवुडला किनारा फुकट आहे. जोडप्याने मग पैसे वसूल होईपर्यंत उन्हात बसण्याचा निर्णय घेतला. नवऱ्याची पाठ आठवडाभर सोलत होती.

तिसरी सहल घोलवडच्या माणसाला पचायला सर्वांत अवघड. हॅमंटन हे गाव ब्लूबेरीचे. हे फळ पूर्वी रानातच मिळे. त्याची लागवडीची जात याच राज्यातल्या व्हाइट्सबॉगला एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल यांनी जमवली, आणि 1916 साली पहिले पीक विकायला गेले. मोठ्या फळाचे झुडूप रानात दाखवील त्याला बाई पैसे देत आणि झुडपाला त्याचे नाव ठेवत. इथपर्यंत सगळे ठीक. पण आता तिथल्या काही मळ्यांत गिऱ्हाईक स्वतः जाऊन, स्वतःच्या हाताने फळे तोडून, वर त्याचे पैसे देते. बाबांनी आयुष्यभर लांब बांबूला जाळी बांधून एकेक चिकू उतरवायला माणसे लावली, त्यांची मजुरी दिली, चहा दिला. इथे मजूरच मालकाला मजुरी देतो आणि निघताना ‘मजा आली’ म्हणतो. बाकीची मंडळी एक तोडत होती, दोन खात होती. सदर गृहस्थ वाडीत वाढलेला; तोडताना खायचे नसते, या वळणाने त्याने दीड तासात अकरा पौंड भरले. पैसे वजनावर होते. पुढचे दोन आठवडे घरात ब्लूबेरीचा मेथांबा होता.

सप्टेंबरचा पहिला सोमवार उलटला आहे. यंत्राची टाकी रिकामी केली. आजोबा कुंपणाशी उभे राहून पाहत होते. अळवाचे कंद थंडी पडण्याआधी उकरून वर्तमानपत्रात गुंडाळायचे आहेत. थंडीत दिवाणखान्याच्या खिडकीत एक कुंडी येते, ती चिकूची. घोलवडला कालीपत्तीचे कलम रायणीवर बांधतात. हे मात्र फ्लोरिडाहून मागवलेले, कशावर बांधले आहे ते ठाऊक नाही. बर्फात ते टिकणार नाही, म्हणून ऑक्टोबरात दोघांनी ते उचलून आत आणायचे आणि मे महिन्यात बाहेर न्यायचे, असे तिसरे वर्ष. उन्हाळ्यात त्याला अकरा पाने फुटली. सात आहेत. चार हरणाने नेली.